गाळ काढा, हिशेब मांडा

१९७२च्या दुष्काळात आपल्या आज्या-पणज्यांनी खडी फोडली, डोक्यावर पाट्या वाहिल्या आणि नगर जिल्ह्यात जागोजागी पाझर तलाव, नालाबांध उभे राहिले. त्यांतले कितीतरी तलाव आज गाळानं भरलेत. तळाशी चिकण गाळ बसला की पाणी मुरत नाही, उन्हानं उडून जातं. तलाव भरलेला दिसतो आणि खालच्या विहिरी मात्र डिसेंबरातच तळ गाठतात. हे तलाव वाचवायला हवेत, आणि ते आपणच वाचवायचे आहेत.

पण नुसता गाळ काढून भागणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला बसगाड्या भरून माणसं येतात, डोंगरावरचे समतल चर बघतात, फोटो काढतात आणि जातात. चर तर अनेक गावांनी खणले. १९९५ साली या गावातली १८२ पैकी १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. पाऊस मात्र तेवढाच, जेमतेम चारशे मिलिमीटर. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे सगळं झालंच. पण खरी गोष्ट पाहुण्यांच्या फोटोत येत नाही. ती म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे मोजायचं आणि रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. पाऊस कमी झाला तर पेराही कमी, मग सरपंचाचं रान असो की आणखी कुणाचं.

हे कडक वाटतं खरं. पण आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते मुरमात आणि खडकाच्या फटींत, तेही थोडंच. एकानं पाचशे फूट बोअर घेतला की शेजाऱ्याची चाळीस फुटी विहीर आटते. ज्याच्या खिशात पैसा त्याचं पाणी, आणि ज्याची विहीर आधी आटते तो हातात कोयता घेतो. पाथर्डीच्या कुटुंबांना विचारा, दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड ट्रॅक्टरवर का चढतं, पोरांची शाळा मधेच का सुटते. ज्यांच्या रानाला पाणी नाही, ते पाणी पिणारा ऊस तोडायला जातात. गरिबी हटवायची भाषणं आपण भरपूर ऐकली. तिची सुरुवात विहिरीच्या तळाशी होते, हे फारसं कुणी सांगत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली १७ उद्दिष्टं ठरवली. पहिलं गरिबी संपवण्याचं, सहावं पाण्याचं, मुदत २०३०. आपल्या तालुक्यात ही दोन्ही उद्दिष्टं एकाच पाझर तलावात आहेत. कायदाही आपल्या बाजूनं आहे: राज्याच्या २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्याला मनाई केली आहे. तो पाळायला लावणारी ग्रामसभा मात्र हवी.

तेव्हा यंदा एवढं करा. गावातल्या प्रत्येक जुन्या तलावाची, बांधाची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत नाव घाला. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या माळरानावर टाकावा, तिथं तो सोनंच आहे. एक पर्जन्यमापक घ्या, शाळेतल्या पोरांना रोजचा आकडा फळ्यावर लिहू द्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो आकडा मोठ्यानं वाचा आणि पिकं ठरवा. बायकांना मागच्या रांगेत बसवू नका. पाणी आटलं की हंडा त्याच उचलतात. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या मंडळींना विनंती: गावच्या वेशीवरची कमान पुढच्या वर्षी बांधू, यंदाची वर्गणी गाळ काढणाऱ्या जेसीबीच्या डिझेलला द्या. जिल्ह्याला आपण अहिल्यादेवींचं नाव दिलं. चौंडीत जन्मलेल्या त्या बाईनं देशभर विहिरी आणि बारवा बांधल्या, हेही लक्षात असू द्या.

मेअखेर काम उरकायला हवं. पाऊस लागला की तलावात जेसीबी उतरत नाही.