मटेरियलचा पेपर आणि दादाजानची भट्टी

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, मराठी माझ्याकडेच शिकला, आता एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मटेरियलच्या विषयात दुसऱ्यांदा नापास झालाय. त्याचे अब्बा बिडाच्या फाउंड्रीत मोल्डर आहेत, दादाजान लोहार होते. म्हणजे ज्या घरात तीन पिढ्या लोखंडावर जगल्या, त्या घरातला मुलगा लोखंडाच्या पेपरात नापास.

"सर, हार्डनिंग आणि टेम्परिंग यातला फरक पाठ होत नाही," तो म्हणाला. मी भाषा शिकवणारा माणूस. उत्तर देण्याऐवजी मी त्याला विचारलं, "तुझे दादाजान विळ्याला पाणी कसं पाजायचे?" त्यानं न थांबता सांगितलं. पातं लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं, मग ते काचेसारखं कडक होतं, पण आपटलं तर तुटतं. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. घासलेल्या पात्यावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग आला की थांबायचं. मी म्हटलं, "अरे, पहिलं हार्डनिंग, दुसरं टेम्परिंग. हेच लिही की." तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, हे मटेरियल सायन्समध्ये येतं?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

त्याच्या कॉलेजात मटेरियल शिकवण्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलेलं आहे, असं बोलता बोलता कळलं. मी विचारलं, वापरतोस का? तर म्हणे, ती लॅब इन्स्पेक्शनच्या वेळी उघडते. एकदा सरांनी प्रोजेक्टरवर दाखवलं होतं, इंग्रजीत होतं, अर्ध्या तासात संपलं. परीक्षेला गाईड आहेच.

अशा सॉफ्टवेअरची मी थोडी चौकशी केली. यातलं जगभर सगळ्यात जास्त शिकवलं जाणारं म्हणजे ग्रँटा एज्युपॅक. केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल ॲशबी यांच्या विचारातून ते उभं राहिलं. त्यांचं मटेरियल निवडीवरचं पुस्तक 1992 सालचं. 1994 मध्ये ग्रँटा डिझाइन ही कंपनी निघाली, 2019 मध्ये ती अ‍ॅन्सिस या मोठ्या अमेरिकी कंपनीनं विकत घेतली. या सॉफ्टवेअरमध्ये दोन मोठ्या वह्या आहेत असं समजा. एक पदार्थांची: धातू, प्लास्टिक, काच, लाकूड, रबर, दगड. प्रत्येकाची घनता, ताठपणा, मजबुती, वितळण्याचं तापमान, किलोचा अंदाजे भाव, बनवायला लागणारी ऊर्जा. दुसरी वही प्रक्रियांची: ओतणं, ठोकून घडवणं, लाटणं, जोडणं, वरून मुलामा देणं. आणि या दोन वह्या एकमेकींना जोडलेल्या. बीड उघडलं की कळतं, हे ओतता येतं, पण ठोकता येत नाही. नवख्यांसाठी शंभराच्या आसपास पदार्थ, वरच्या वर्गांसाठी काही हजार.

पण आकड्यांची वही तर पूर्वीही होती. ॲशबींनी केलं ते वेगळं: सगळे पदार्थ त्यांनी एका चित्रावर मांडले. आडवी रेघ घनतेची, उभी रेघ ताठपणाची, आणि प्रत्येक पदार्थाचा एक फुगा. धातू एका कोपऱ्यात, लाकडं दुसरीकडे, रबर खाली. मग मुलाला विचारायचं: दोन आधारांवर ठेवलेला दांडा हवा आहे, भारानं ठराविकपेक्षा जास्त वाकायला नको आणि वजनाला हलका हवा, तर काय घेशील?

मुलगा पटकन म्हणतो, पोलाद. आता हिशेब करा. अशा दांड्याला ताठपणाचं वर्गमूळ काढून घनतेनं भागायचं. उत्तर जितकं मोठं तितका दांडा हलका. पोलादाचा ताठपणा सुमारे 210 गिगापास्कल, घनता 7.8, उत्तर येतं 1.9. ॲल्युमिनियमचं 70 आणि 2.7, उत्तर 3.1. पाइनच्या लाकडाचं रेषेच्या दिशेनं सुमारे 10 आणि 0.5, उत्तर 6.3. लाकूड पोलादाच्या तिप्पट पुढे! आपल्या घरांच्या छपराला वासे लाकडाचे का होते, बांधकामाला पराती बांबूच्या का बांधतात, याचं उत्तर एका भागाकारात मिळतं. हे ज्या मुलाला एकदा दिसलं, तो "लाकडाचे गुणधर्म लिहा, पाच गुण" हे पाठ करणार नाही. त्याला पाठ करायची गरजच उरणार नाही.

म्हणून माझं भांडण सॉफ्टवेअरशी नाही. सॉफ्टवेअर चांगलं आहे. माझं भांडण त्याच्या दाराला लावलेल्या दोन कुलपांशी आहे, आणि त्यातलं एक कुलूप आपण स्वतः लावलंय.

पहिलं कुलूप लायसन्सचं. संस्थेनं पैसे भरले तर विद्यार्थ्याला मिळणार. कंपनी धंदा करते, तिनं फुकट का द्यावं, असं कोणी म्हणेल. मान्य. मांडणी त्यांची, मेहनत त्यांची. पण ॲल्युमिनियमची घनता 2.7 आहे ही गोष्ट कुणाच्या बापाची मिळकत नाही. हे आकडे फुकटही मिळतात. मॅटवेब नावाच्या संकेतस्थळावर हजारो पदार्थांची माहिती खुली आहे. खुद्द केंब्रिज विद्यापीठाचे 'डू-इट-पॉम्स' नावाचे मटेरियलचे धडे कुणालाही विनामूल्य वाचता येतात. आयआयटींच्या एनपीटीईएलवर याच विषयाची व्याख्यानं पडून आहेत. मग कॉलेजं पैसे भरून लॅब बंद का ठेवतात? कारण लॅब मुलांसाठी नसते, ती इन्स्पेक्शनला आलेल्या समितीसाठी असते.

दुसरं कुलूप भाषेचं. वर सांगितलेल्या फुकट गोष्टीही मुख्यतः इंग्रजीत. आणि मराठीत जे आहे ते कसं आहे? ॲनिलिंगला अनुशीतन. हा शब्द कोशात आहे, कारखान्यात नाही. लोहार, तांबट, सोनार पिढ्यान्‌पिढ्या धातू तापवून हळू थंड करतात. त्यांना कुणी विचारलंच नाही की तुम्ही याला काय म्हणता. आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ नव्हताच. पोलाद फारसीतून आला, कलई अरबीतून. हत्यार घासून चकाकवणारा तो शिकलगार. त्यातला 'शिकल' अरबी 'सैकल'. मराठीत तलवार पाणीदार असते, उर्दूत आबदार. आब म्हणजे पाणीच. एकाच भट्टीवर दोन भाषा शेजारी बसून शेकत होत्या, आणि आमच्या मुलाला परीक्षेत त्या दोन्हींपैकी एकही शब्द चालत नाही.

या शिकलगारांचंच उदाहरण घ्या. मिरजेत एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी घटली तेव्हा शिकलगार घराण्यांनी सतार आणि तंबोरे बनवायला घेतले. पोलादावर चालणारा हात भोपळ्यावर आणि तुणीच्या लाकडावर वळला. कुठला भोपळा किती जाड, किती वाळलेला, कुठलं लाकूड घुमतं आणि कुठलं मुकं राहतं, हे त्यांनी हातानं पारखलं. ॲशबी ज्याला मटेरियल निवड म्हणतात ती हीच. फरक एवढाच की त्यांनी ती लिहून मांडली आणि आपण उस्तादाच्या मांडीवरच ठेवली. उस्ताद गेला की वहीही गेली.

आता आपल्या माणसांकडे वळतो, कारण खरं बोलायचं तर राग इथे जास्त आहे.

विज्ञानाचा विषय निघाला की आपल्या जलशांत एक भाषण ठरलेलं असतं. सारं विज्ञान आमच्या पूर्वजांनी दिलं, अल-बिरुनी आमचे, अल-किंदी आमचे. टाळ्या. चहा. घरी. मला विचारायचंय, अल-बिरुनींनी नेमकं केलं काय, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे?

त्यांनी एक भांडं बनवलं. खाली रुंद, वर अरुंद, मानेला पाणी बाहेर सांडायची बारीक नळी. भांडं काठोकाठ भरायचं, धातूचा किंवा रत्नाचा तुकडा आधी तोलायचा, मग आत सोडायचा, सांडलेलं पाणी तोलायचं. एकाला दुसऱ्यानं भागायचं. अशा रीतीनं सोनं, पारा, शिसं, तांबं, लोखंड, माणिक, पाचू यांचे आकडे त्यांनी काढले आणि तक्ते बनवले. आजच्या आकड्यांच्या ते अगदी जवळ आहेत. पुढे 1121 साली अल-खाझिनींनी तराजूवरच्या आपल्या ग्रंथात ते जपून ठेवले. म्हणजे हजार वर्षांपूर्वी पदार्थांचा डेटाबेस बनवायचं काम या माणसानं सुरू केलं, आणि कारागिरांच्या, जवाहिऱ्यांच्या कामाचं ज्ञान त्यानं कमी लेखलं नाही. त्याच्या नावानं छाती फुगवणाऱ्या आपल्या किती शाळांत आज एक बरा तराजू आहे?

भंगाराच्या धंद्यात आपली किती माणसं आहेत ते सांगायला नको. तिथला पोऱ्या प्लास्टिकचा चुरा पाण्याच्या पिंपात टाकतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन तरंगतं, पीव्हीसी आणि बाटलीचं पेट बुडतं, कारण पहिल्या दोघांची घनता एकाच्या आत आणि नंतरच्या दोघांची 1.3 च्या वर. हा बिरुनींचाच प्रयोग आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवं काढण्याच्या मानानं जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे आपला भंगारवाला देशाची वीज वाचवतो. पण त्या पोराला आपण म्हणतो, "शाळा शीक, नाहीतर भंगारच वेचशील." शाळेत गेल्यावर त्याच्या हातातलं ज्ञान आपण दाराबाहेर काढून ठेवायला लावतो.

यावर दोन आक्षेप येतात. एक, नोकरीला इंग्रजी लागते. लागते, आणि शिकायलाच हवी. पण न समजलेली गोष्ट इंग्रजीत पाठ केल्यानं ना ती गोष्ट येते, ना इंग्रजी. आधी समज, मग शब्द, दोन्ही शब्द. दुसरा आक्षेप, तांत्रिक विषय आपल्या भाषेत शिकवणं अशक्य आहे. हे म्हणणाऱ्यांनी हैदराबादची आठवण ठेवावी. 1917 मध्ये तिथे भाषांतरासाठी दारुत्तर्जुमा उभं राहिलं, आणि उस्मानिया विद्यापीठानं 1948 पर्यंत विज्ञान, वैद्यक उर्दूतून शिकवलं. मराठवाडा त्याच राज्यात होता. आणि 2021 पासून एआयसीटीईनं मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे. परवानगी आहे, अडवणारं कोणी नाही. काम करणारं कोणी नाही.

मागणी मोठी नाही. शंभर पदार्थ आणि पन्नास प्रक्रिया. प्रत्येकाला एक पान: इंग्रजी नाव, मराठी नाव, उर्दू नाव, आणि कारखान्यात, बाजारात खरोखर चालणारं नाव. घनता, वितळण्याचं तापमान, ताठपणा, मजबुती, कशानं जोडतात, कशानं कापतात, कुठे वापरतात. मोबाइलवर उघडेल असं, विनामूल्य, लॅबच्या चावीशिवाय. राज्याच्या तंत्रशिक्षण खात्याला हे एका वर्षात जमायला हवं. त्यांना जमत नसेल तर आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि ट्रस्टांनी एका वर्षाच्या सत्कार समारंभांचे पैसे इकडे वळवावेत. आकडे तज्ज्ञांनी तपासावेत. शब्द मात्र फाउंड्रीत, लेथवर, मागावर, भंगाराच्या गोदामात जाऊन गोळा करावेत. ते काम आम्ही भाषेचे शिक्षक करू शकतो.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. त्या मुलाला एक वही दिली आणि सांगितलं, रोज अब्बांना एक शब्द विचार, समोर पुस्तकातला शब्द लिही. पहिल्या आठवड्यात त्यानं सहा शब्द आणले. अब्बांनी म्हणे विचारलं, "हे कॉलेजात लागतं का?" त्यानं काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही. पुनर्परीक्षा नोव्हेंबरात आहे.