सीटला नेमके कोणापासून वाचवायचे?

नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक काढायचेच नाही, असे मानणारा एक मोठा पंथ आपल्याकडे आहे. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी शोरूममधून निघते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत डोके टेकायच्या उशीवरचे पारदर्शक कव्हर तसेच चरचरत राहते. या पंथाची दुसरी शाखा प्लॅस्टिक काढते, पण त्याच संध्याकाळी अॅक्सेसरीवाल्याकडे जाऊन सीटवर रेक्झिनचे कव्हर चढवते. म्हणजे लेदर सीट हव्यात म्हणून वरचे मॉडेल घ्यायचे, आणि मग ते लेदर झाकून टाकायचे. काही दिवसांनी कव्हरवरही टर्किश टॉवेल येतो. मालक खऱ्या लेदरवर बसलेला असतो तो एकदाच, टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी, आणि तेही शोरूमच्या गाडीत!

या मंडळींचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेऊ नये. वस्तू महागाची, हप्ते पाच-सात वर्षे चालणारे. मागे पोरे वडापाव खातात, चटणी सांडते. कव्हर खराब झाले तर बदलता येते, लेदर बदलायचे तर कंबरडे मोडते. शिवाय गाडी विकताना आतली बाजू कोरी दिसली तर भाव चढा मिळतो. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. चुकतो तो त्यावरून काढलेला निष्कर्ष.

आधी प्लॅस्टिक. ते कारखान्यातून शोरूमपर्यंतच्या प्रवासासाठी असते. ट्रेलरवर धूळ बसू नये, गाडी हलवणाऱ्याच्या कपड्यांचे डाग पडू नयेत, एवढेच त्याचे काम. पावसाळ्यात ओल्या पँटने बसल्यावर ओल त्याच्या कडांतून आत जाते आणि तिथेच कोंडते. मग जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत त्याखाली पांढरी बुरशी धरते, ती मालकाला दिसतही नाही, कारण त्याने आपला माल सुरक्षित आहे असे गृहीत धरलेले असते.

कव्हरचा दोष याहून गंभीर आहे. सहा एअरबॅगांची सक्ती करण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये सोडून दिला, तरी आता गिऱ्हाईक स्वतःहून सहा एअरबॅगा मागते. चांगलेच आहे. पण त्या सहांपैकी दोन बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटच्या पाठीत, दरवाजाकडच्या कडेला बसवलेल्या असतात. तिथली शिवण मुद्दाम अशी घातलेली असते की काही मिलिसेकंदांत उसवून फुग्याला वाट मिळावी. त्यावर दुहेरी टाक्यांचे घट्ट कव्हर ओढले की ती वाट अडते. गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका हेच बजावते, पण ती वाचतो कोण? छातीचे रक्षण करणारी वस्तू अडवून छातीखालच्या सीटचे रक्षण करणे हा कुठला हिशोब? (टॅक्सीवाल्यांचे गणित वेगळे आहे. दिवसभर अनोळखी माणसे चढतात-उतरतात, तिथे कव्हर लागतेच. फक्त ते एअरबॅगची कड मोकळी सोडणारे हवे.)

आता शोरूमचा वाटा. डिलिव्हरीच्या वेळी, ग्राहक पेढ्यांच्या पुड्यात आणि फोटोत गुंतलेला असताना, बिलात एक 'इंटिरिअर प्रोटेक्शन' सरकवले जाते. त्यात बहुधा टेफ्लॉनचे नाव असते. टेफ्लॉन म्हणजे रॉय प्लंकेट यांच्या हाती १९३८ मध्ये अपघाताने लागलेले रसायन. ते सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. तव्यावर ते बसवायला त्याहून जास्त उष्णता लागते. शोरूमच्या मागच्या शेडमध्ये फवाऱ्याने आणि फडक्याने ते सीटवर 'बसवतात', हा दावा ज्याने मान्य करायचा त्याने करावा. सीटवर दिसणारी चकाकी बहुतेक वेळा सिलिकॉनची असते, आणि तीच डॅशबोर्डवर फासली की दुपारी समोरच्या काचेत तिचे प्रतिबिंब डोळ्यांवर येते.

घरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला याहून प्रामाणिक असतो: 'कातड्याला तेल पाजावं.' हा सल्ला खोटा नाही, चुकीच्या कातड्याला लावला जातो एवढेच. कोल्हापुरी चप्पलचे कातडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले असते, पृष्ठभाग उघडा असतो, तेल पितो. विहिरीवरची मोट, बैलांचे सामान यांनाही तेल लागायचे ते यासाठीच. गाडीतले लेदर मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, वर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप दिलेले असते. तुमचा हात कातड्याला लागतच नाही, लेपाला लागतो. त्यावर चोळलेले खोबरेल वरच राहते, धूळ धरते, आणि पांढरा सदरा घालून बसलेल्या पाहुण्याच्या पाठीवर उमटते. आणखी एक: गाडीच्या माहितीपत्रकात 'लेदरेट' लिहिले असेल, तर ते कातडे नव्हेच. कापडावर पीव्हीसी किंवा पीयू चढवलेले असते. त्याला लेदर कंडिशनर पाजणारे पाहिले की बाटली विकणाऱ्याचे कौतुक वाटते.

मग सीटला धोका कशाचा? बसणाऱ्याचा कमी, उन्हाचा आणि ओलीचा जास्त. अमेरिकेत अॅरिझोनातल्या टेंपी इथे केलेला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. कडक उन्हाळ्याच्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापले, सीट ५१ पर्यंत. सावलीत उभ्या गाड्यांत हेच आकडे ४८ आणि ४१ होते. विदर्भातला मे महिना त्या अॅरिझोनाच्या फार मागे राहत नाही. डॅशबोर्डचे एकवीस अंश वाचवायला लागले काय? एक झाड, किंवा भिंतीची सावली. ती मिळत नसेल तर समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा. बाजूच्या काचांतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, म्हणून रोजची जागा तीच असेल तर अधूनमधून गाडीचे तोंड फिरवून लावावे. एकाच बाजूची सीट विटत नाही.

ओलीचे काम थोडे चिकाटीचे. मुक्कामाला पोचण्याआधी दोन-चार मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालवला, हवा बाहेरून घेतली, की आतली ओल सुकते आणि तो कुबट वास येत नाही. पायाखालच्या रबरी मॅटवर पाणी साचू द्यायचे नाही. गालिचा भिजला तर उचलून वाळवायचा. सोसायटीच्या तळघरात महिनाभर बंद राहणाऱ्या गाडीचे दरवाजे कोरड्या दिवशी कुणाला तरी उघडायला सांगावे. मुलगा परदेशी आणि गाडी खाली, अशा घरांत स्टिअरिंगवर बुरशीची नक्षी हमखास सापडते.

राहिला मळ. घाम, केसांचे तेल, नव्या जीन्सची निळाई आणि शिवणीत बसणारी वाळू, हे चार चोर. वाळू आधी व्हॅक्यूमने ओढायची, मग ओलसर मायक्रोफायबरने पुसायचे, मग कोरड्याने. डाग असेल तर सौम्य, साबण नसलेला लेदर क्लीनर. कपडे धुण्याची पावडर अल्कधर्मी असते, ती लेपाला खाते. करोनाच्या काळात हात स्वच्छ करायचे सॅनिटायझर लोकांनी सीटवर चोळले, आणि त्यातल्या अल्कोहोलने रंग उतरवला. मुलांची सीट बसवली असेल तर तिच्याखाली जाड सुती पंचा घालावा, म्हणजे वळ पडत नाहीत. चटणीसाठी एवढेच: सांडल्या सांडल्या पुसायची. लेप त्यासाठीच तर असतो!

भावाचा मुद्दा उरतो. जुनी गाडी बघायला आलेला माणूस कव्हर उचलून पाहतोच, आणि तिथे दमट वास आला की भाव पाडतो. तो वास मालकाने खास त्याच्यासाठी जपून ठेवलेला असतो. समजा लेदर खरोखर कोरे राहिले, तरी सात वर्षे हप्ते तुम्ही भरलेत आणि मऊ सीटवर बसणार तो.

पूजेबद्दल कुणी विचारेलच. हळद-कुंकू स्टिअरिंगवर, बॉनेटवर जरूर लावावे, नारळही बाहेरच फोडावा. सीटवर हळदीचे बोट उठलेच तर साबणाने घासू नये; साबणाने हळद लाल होते, तुम्ही घाबरता, आणखी घासता. पाण्याने पुसून तेवढी सीट दोन-तीन दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, फिकट होत जातो. या एका कामापुरती गाडी सावलीतून काढायला हरकत नाही.