उपगूहन झालं, स्थितिकरणाचं काय?



आजचा विषय आपल्यात कोणी मोठ्यानं काढत नाही: आपल्या घरातली दारू. मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांतच येतो, म्हणून हा प्रश्न आपला नाहीच असं आपण धरून चालतो. पण धंद्याच्या पार्ट्या, ऑफिसच्या सहली, हॉस्टेलची वर्षं यांतून आपलीही माणसं जातातच की.

२०१९ साली केंद्र सरकारची आणि एम्सची देशभराची पाहणी प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात आहे. बाकीचे ३७ घरातच. आपल्याकडे त्याचं कारण शोधायला लांब जायला नको. दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहिलं तर? मुलीच्या स्थळाचं काय?

म्हणूनच मोबाइल-लॅपटॉपवरून होणारं समुपदेशन मला आपल्या घरांसाठी फार कामाचं वाटतं. माझ्या माहेरच्या नात्यातला एक चाळिशीचा व्यापारी ते घेतो. त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "मावशी, समोर बसलो असतो तर खरा आकडा तोंडातून निघाला नसता. ते ना आपल्या गावचे, ना समाजातले. म्हणून सांगून टाकलं."

समुपदेशकांनी त्याला एक वही घालायला लावली. तारीख, वेळ, किती घेतली, कोणाबरोबर, आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. मी बी.कॉम. झालेली, मला हे लगेच पटलं. रोजकीर्द लिहिल्याशिवाय तोटा कुठं होतोय ते कळत नाही. त्याला वाटायचं मित्रांमुळे होतं. वहीत दिसलं की वसुली अडकली त्या रात्री तो एकटाच बसतो.

अडचणीही त्यानंच सांगितल्या. दोन खोल्यांचं घर, दाराशी आईची चाहूल, बोलणं संपलं की बायकोचा प्रश्न, "काय म्हणाले?" शेवटी तो गाडीत बसून बोलू लागला. ज्या आठवड्यात जास्त झाली, त्या आठवड्यात "नेट नाही" म्हणून टाळलं. टाळणं इथं फार सोपं आहे.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं. जिवावरही बेतू शकतं. अशा माणसाला पडद्यावरचं बोलणं पुरत नाही, आधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायला हवं. "महाराजांसमोर नियम घ्यायला लावू, सुटेल" असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. नियमाचं बळ मोठंच आहे, पण डॉक्टरांना विचारून मग नियम द्या.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, तसंच स्थितिकरणही आहे. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर आणू नये, हे आपल्याला छान जमतं. घसरणाऱ्याला पुन्हा उभं करणं मात्र राहून जातं. नुसतं झाकत राहिलो तर तो माणूस आत एकटाच पडतो. ऑनलाइन उपचारात अब्रूही राहते आणि हातही दिला जातो. दोन्ही अंगं सांभाळली जातात, असं मला वाटतं.

मग आपण बायकांनी काय करायचं? त्याच्या ठरलेल्या वेळेला एक खोली मोकळी ठेवायची. दार लावून घ्यायचं, बाहेर टीव्ही जरा मोठा करायचा. नंतर उलटतपासणी नको. वही सापडली तरी उघडायची नाही. मात्र दोन वेळा खाडा झाला तर शांतपणे विचारायचं. आणि पिणारी घरातली सून किंवा मुलगी असेल, तर हेच सगळं तिच्यासाठीही करायचं.

सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा वेगळा क्रमांकही आहे. घरातल्यांनीही फोन करावा. पहिला फोन पिणाऱ्यानंच करायला हवा असं काही नाही.

जय जिनेंद्र.