पुठ्ठ्याचा तुकडा आणि व्यापाऱ्याचे नाव

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या चित्रपत्त्यांचा मोठा व्यापार चालतो. १९५२ सालच्या मिकी मँटलच्या एका पत्त्याला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर आले. पुठ्ठ्याची किंमत ती काय? मोल आहे दुर्मिळतेचे आणि अस्सलपणाचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपन्यांनी बेसुमार पत्ते छापले. त्यांतले बहुतेक आज कवडीमोल आहेत. होनस वॅगनरच्या नामांकित पत्त्याच्या कडा आपण कापल्याचे लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कबूल केले. लिलावातील फसवणुकीबद्दल २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांची कैद झाली. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी यातून बोध घ्यावा. माल मोजका पण अस्सल ठेवा, त्यातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगा. बाजारात एकदा गेलेले नाव पैशाने परत मिळत नाही.