आत्मविश्वास शिबिरात मिळत नाही

उन्हाळ्याची सुटी लागली की शहरोशहरी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ शिबिरांचे फलक झळकू लागतात. चार दिवसांत आत्मविश्वास, आठ दिवसांत सभाधीटपणा! वातानुकूलित सभागृह, भरभक्कम शुल्क, अखेरीस प्रमाणपत्र आणि पालकांचे समाधान. जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा तोच मुलगा पुन्हा मागच्या बाकावर अंग चोरून बसलेला दिसतो. यात नवल ते काय? जे रोजच्या घामातून अंगी मुरावयाचे, ते टाळ्यांच्या गजरात कसे यावे?

मल्लखांबासमोर प्रथमच उभे राहिलेले मूल पाहावे. एरंडेल चोपडलेला तो गुळगुळीत खांब पहिल्या दिवशी त्याला दाद देत नाही. कित्येक दिवस साधी अढी बसण्यातच जातात. मांड्या सोलवटतात, पकड सुटते, मूल घसरत खाली येते. शेजारचा मोठा मुलगा हसत नाही, कारण तोही कधीकाळी असाच घसरला होता. मग एके सायंकाळी पायांची पकड बसते, डोके खाली जाते, दोन्ही हात सुटतात आणि मूल अधांतरी तोलून राहते. त्याची कोणी स्तुती केलेली नसते. खांबाला खोटी स्तुती करता येतच नाही! कालपर्यंत न जमलेले आज जमले, याची साक्ष त्याच्याच शरीराने दिलेली असते. असा मुलगा पुढे परीक्षेत नापास झाला, तरी खचून जाण्यापूर्वी त्याला तो खांब आठवतो.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांबावर चढविले. २०२४ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला, हे उचितच. परंतु ज्या मुलाला जग हात धरून रस्ता ओलांडून देते, ते मूल जमिनीपासून उंचावर हात सोडून स्थिर राहते, यापुढे कोणत्या शिबिराचे प्रमाणपत्र ठेवावे?

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे उदाहरणही पुन्हा पुन्हा सांगावे असेच आहे. लाल मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. एखाद्याने नशिबाला बोल लावून आखाडा सोडला असता. खाशाबांनी चार वर्षे मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

यावर कोणी म्हणेल, आता गल्लोगल्ली जिम आहेत, तरुण व्यायाम करतातच की! करतात, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण लग्न ठरले की तीन महिने जिम, सोबत डबाभर पावडर, भिंतभर आरसे आणि वरात पार पडली की सारे बंद, हा व्यायाम नव्हे, ही रंगरंगोटी झाली. आरशाला भुलून सुरू केलेली गोष्ट आरसा दूर होताच सुटते. तालमीत आरसा नसे. तेथे मारुतीपुढे हात जोडून जोर-बैठका सुरू होत आणि थंडी, पाऊस, परीक्षा यांपैकी कोणतीही सबब चालत नसे.

मात्र सारा दोष मुलांच्या माथी मारणे हा कांगावा आहे. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या छोट्याशा संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार रुजविले. अमरावतीत १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले, तेही पारतंत्र्यात! आणि आज? वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास छापलेला असतो, पण तो गणिताच्या उजळणीकडे वळविला जातो. सुटीच्या दिवशी शाळेचे मैदान लग्नाच्या मांडवासाठी भाड्याने जाते. अनेक नव्या शाळांना तर मैदानच नाही; वाहनतळ मात्र आहे. मुलींची अवस्था आणखी बिकट. दोरीच्या मल्लखांबावर त्या लीलया खेळतात, हे सर्वांनी पाहिले आहे. तरी दहावी जवळ आली की घरातूनच पहिली कात्री त्यांच्या खेळावर चालते.

येत्या सुटीत शिबिराचा अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी एकदा शाळेत जावे आणि शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुले नेमकी कोठे असतात, एवढे मुख्याध्यापकांना विचारावे.