शुद्धीवर असणं

मी दारू पीत नाही. तंबाखू नाही, सिगारेट नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगत असे, आणि सांगताना छाती जरा पुढे येत असे. त्याला कारणही होतं. बाबा प्यायचे. संध्याकाळी अंगणात त्यांच्या सायकलचा स्टँड लावल्याचा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची आणि आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. पुस्तक उलटं असलं तरी चालायचं, मान खाली असली म्हणजे झालं. आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं तेव्हाच ठरवलं होतं. पंधराव्या वर्षी चर्चमध्ये उभं राहून तसं वचनही दिलं.

वचन मी पाळलं. अगदी अक्षरशः पाळलं. आणि गोची तिथेच झाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लेंट चालू होता. राखेच्या बुधवारपासून मी चहा सोडला होता आणि त्याचा जरा अभिमानही वाटत होता. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, स्कूटर जिन्याखाली लावली. वरून टीव्हीचा आवाज येत होता. मी दारापर्यंत पोचेतो तो बंद झाला होता आणि मुलगी पुस्तक उघडून बसली होती. मला काही कळलं नाही. मी आत शिरलो, पाण्याची बाटली जागेवर नाही एवढ्यावरून सुरुवात केली आणि मुलीच्या मार्कांपर्यंत पोचलो. जेवणं मुकाट्याने झाली. रात्री भांडी आवरताना बायको म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावू नका. तुमच्या बाबांची निदान सकाळी उतरायची. तुमची उतरतच नाही."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. रात्री पडल्या पडल्या एकदम ते उघडं पुस्तक डोळ्यासमोर आलं. सायकलच्या जागी स्कूटर आणि रेडिओच्या जागी टीव्ही, बाकी सगळं तसंच. बाटली तेवढी नव्हती.

त्यानंतर पवित्र शास्त्रातले संयमाबद्दलचे उतारे मी पुन्हा काढून वाचले. यापूर्वी ते वाचले नव्हते असं नाही. पण आजवर वाचले ते दुसऱ्यांसाठी. पेत्राच्या पहिल्या पत्रात सावध राहण्यासाठी जे ग्रीक क्रियापद येतं, त्याचा मूळ अर्थ दारूच्या अमलाखाली नसणं. पाच अध्यायांच्या त्या पत्रात ते तीनदा येतं. आपल्याकडे यासाठी किती सोपा शब्द आहे! प्यायलेल्या माणसाला आपण म्हणतो, तो शुद्धीवर नाही. पेत्र म्हणतोय ते एवढंच, की शुद्धीवर राहा. आणि शुद्ध काय फक्त दारूनेच हरपते? रागाने हरपते, मानापमानाने हरपते, रात्री बारा वाजता मोबाइलवर कुणाला तरी खरमरीत उत्तर टाईप करतानाही हरपलेलीच असते.

दुसरा शब्द आत्मसंयमाचा. आत्म्याच्या फळांच्या यादीत तो शेवटचा, आणि आपल्या मराठी शास्त्रात तिथे 'इंद्रियदमन' असं भाषांतर आहे. शब्द भारदस्त आहे, पण मला तो लहानपणापासून चुकीचा कळत आला. दमन म्हणजे दाबणं. मग मी दाबत गेलो. दारू दाबली, चहा दाबला, ऑफिसात साहेबांसमोर जीभ दाबली. दाबलेलं सगळं घरी येऊन वर यायचं. मूळ ग्रीक शब्दात 'सत्ता' आहे, स्वतःवरची सत्ता. राज्य करणं आणि दडपून ठेवणं यात फरक आहे. दडपणाऱ्याला सारखी बंडाची धास्ती असते.

आता माझं मत, आणि ते काहींना आवडणार नाही याची कल्पना आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये आपण संयम मोजतो तो बाटलीने. चर्चच्या कमिटीवर माणूस घ्यायचा तर पहिली चौकशी 'पितो का?' ही. पीत नाही म्हटलं की बाकी सगळं माफ. मग तो मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटो, नाहीतर पाळकसाहेबांना सगळ्यांदेखत फाडून खावो. 'स्वभावच कडक आहे हो त्यांचा, पण माणूस निर्व्यसनी!' पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडून बघा. पुढाऱ्याच्या अंगी काय असावं याची तिथे यादी आहे. मद्यपी नसावा हे एक कलम आहेच. पण शुद्धीवर असणं हे त्याच्याही आधी, वेगळं दिलं आहे. सुज्ञपणा वेगळा दिला आहे. मारका नसावा, भांडखोर नसावा, सौम्य असावा, घर नीट चालवणारा असावा, हीही कलमं आहेत. एवढ्या यादीतलं आपण सोयीचं एक उचललं, कारण ते बाहेरून दिसतं आणि तपासायला सोपं जातं. खरं म्हणजे कमिटीवर घेण्याआधी एवढंच विचारावं, की हा माणूस घरी आला की घरातले मोकळे होतात की गप्प होतात? त्या दिवसांत मला कुणी हे विचारलं असतं तर मी नापास झालो असतो. आणि तेव्हा मी कमिटीवर होतो, हे सांगायला हवं.

आपण या गोष्टी बोलतच नाही. लक्ष्मीबाई टिळक बोलल्या. नारायण वामन टिळक म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाचं केवढं मोठं नाव! १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची भजनं आजही चर्चमधून गायली जातात. पण 'स्मृतिचित्रे'मध्ये, ज्याचा पहिला भाग १९३४ साली आला, लक्ष्मीबाईंनी त्यांचा शीघ्रकोपी स्वभाव झाकून ठेवलेला नाही. कुढत नाहीत, सूड घेत नाहीत, हसत हसत सांगतात, पण सांगतात. त्याने टिळक लहान झाले असं मला वाटत नाही. उलट आपल्या आजच्या साक्षी वाचल्या की वाटतं, इथे सगळे राग बाप्तिस्म्याच्या पाण्यातच कसे काय वाहून गेले?

मला धीर दिला तो पेत्राने. गेथशेमाने बागेत, जागा राहा असं प्रभूने सांगितलेलं असताना, तो झोपला. शिपाई आल्यावर जागा झाला तो एकदम तलवार उपसून, आणि मल्खाचा कान कापून बसला. पुढे अंगणात एका दासीने विचारलं तर घाबरून प्रभूला ओळखत नाही म्हणाला. एका रात्रीत आधी झोप, मग राग, मग भीती. शुद्धीवर असा तो कधी नव्हताच. तोच माणूस म्हातारपणी इतरांना शुद्धीवर राहा म्हणून लिहितो. हे त्याचं पांडित्य नव्हे. तो कान त्याला जन्मभर आठवत असणार.

मी काय केलं? फार मोठं काही नाही. मुलीजवळ बसून माफी मागितली. ती फक्त "बरं पप्पा" म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा? आता मी घराच्या अलीकडच्या वळणावर स्कूटर बंद करून दोन मिनिटं उभा राहतो. ऑफिसातलं काय काय डोक्यात घेऊन आलोय ते बघतो, प्रार्थना करतो आणि मग घरी जातो. कोपऱ्यावरचा पानवाला सुरुवातीला पेट्रोल संपलं का विचारायचा. रात्री दहानंतर कुणाला उत्तर लिहीत नाही. आणि बायकोला सांगून ठेवलंय की माझा आवाज चढला तर फक्त 'बाबा' म्हणायचं. बस्स, एवढंच. ती म्हणते, आणि ते झोंबतं. गेल्याच महिन्यात तिला दोनदा म्हणावं लागलं, त्यातल्या एकदा मी तरीही थांबलो नाही. तेव्हा कुणी याला साक्ष वगैरे समजू नये.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये फेलिक्स नावाचा सुभेदार आहे. पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलू लागला तसा तो घाबरला आणि सवड झाली की पुन्हा बोलावतो म्हणाला. तशी सवड मीही वीस वर्षं काढत होतो. आमच्या मुलीचं बालपण त्या सवडीत गेलं. ते परत येणार नाही.

येत्या लेंटमध्ये चहा सोडायचा विचार नाही. चहा घेऊन गोड बोलणारा माणूस घराला जास्त परवडतो, असं आमच्याकडे बहुमत आहे.

असो. परवा स्कूटर लावून वर आलो तर टीव्ही चालूच होता. आवाज जरा मोठाच होता. मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.