नाडी धरणारा हात

डॉक्टर म्हणजे देव, असं दवाखान्याच्या पायरीवर बसलेली माणसं हात जोडून म्हणतात. आपल्याला नाही पटत. देवाचा आणि आमचा अनुभव काही बरा नाही. तो गाभाऱ्यात, आम्ही पायरीखाली. डॉक्टरही तसाच निघाला तर मेलोच की!

मेलोच आहोत. १९२९ साली काठेवाडात एका अस्पृश्य मास्तराची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर आला तो अट घालून : वस्तीत पाय ठेवणार नाही. ओल्या बाळंतिणीला पोरासकट बाहेर आणलं. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोला लावला. आला त्याच वाटेने परत गेला. दिव्याच्या उजेडात बघून साहेब म्हणाले, न्यूमोनिया. दोन रुपये फी दिली होती, तरी पुन्हा तपासायला आले नाहीत. बाई मेली. बाबासाहेबांनी ही हकिगत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवली आहे. त्या डॉक्टरला रोगाचं नाव ठाऊक होतं, औषधही त्याने धाडलं. बाईला हात तेवढा लावला नाही.

आणि त्याच्याआधी, १८९७ च्या प्लेगात, पुण्याजवळ सावित्रीमाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत यांनी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोरगं माईंनी पाठीवर घालून तिथं आणलं. पोरगं जगलं. माई १० मार्चला गेल्या. आमच्याकडे डॉक्टर मोजायचं माप हे आहे. भिंतीवरच्या डिग्र्या नंतर बघू.

आता घरचं सांगतो. माझा बाप गटारात उतरून म्हातारा झाला. त्याला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि तीन आठवड्यांत त्याने गपचूप बंद केल्या. पुन्हा खोकला, पुन्हा वॉर्ड. राऊंडला आलेले मोठे डॉक्टर खाटेपासून चार हात लांब उभे राहून, केसपेपरकडे बघत बोलले, “या लोकांना कितीही सांगा, सुधारणार नाहीत.” या लोकांना! आम्ही खाली बघत राहिलो. मीसुद्धा, एवढी भाषणं ठोकणारा!

दुपारी एक शिकाऊ डॉक्टरीण आली. मास्क लावलेला, पण खाटेजवळ आली, मनगट धरलं.

“बाबा, गोळ्या का थांबवल्या?”

बाप बराच वेळ गप्प. मग म्हणला, “बाई, लघवी लाल व्हाया लागली. म्हणलं, रगत चाललंय. पोराला कशाला घोर लावू?”

ती हसली नाही. म्हणाली, रिफाम्पिसिनच्या गोळीने लघवीला नारिंगी-लाल रंग येतो, रक्त नाही ते, हे तुम्हाला आधीच सांगायला पाहिजे होतं, चूक आमची. चूक आमची! पांढऱ्या कोटातून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मग थुंकी पुन्हा तपासायला पाठवली, बरं वाटलं तरी गोळी का सोडायची नाही ते समजावलं, घरात आणखी कोण खोकतं ते विचारलं. क्षयाच्या पेशंटला सरकार पोषणाचे पैसे देतं. नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये आहेत, आधी पाचशे होते. ते बापाच्या खात्यात का आले नाहीत, याचा कागदही तिनेच शोधला.

कुणी म्हणेल, ओपीडीत दोनशे माणूस, डॉक्टरला वेळ कुठंय? खरं आहे. डॉक्टर पिळून निघतात, जागा भरत नाहीत, आणि त्याबद्दल सरकारची कॉलर धरलीच पाहिजे. पण ‘या लोकांना’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच ‘का थांबवल्या?’ विचारून होतं. मित्रांनो, आम्हाला दया नको. दया करणारा उंचावर उभा असतो. बुद्धाची करुणा वेगळी. ती खाटेजवळ येते, विचारते, आणि आपली चूक असेल तर कबूल करते.

बापाने सगळ्या गोळ्या पुऱ्या केल्या. शेवटच्या दिवशी रिकामी पाकिटं पिशवीत भरून तिला दाखवायला गेला. तिची नेमणूक दुसरीकडे झाली होती. पिशवी घेऊन तसाच परत आला. घरात ठेवायला जागा नाही, पण म्हातारा अजून ती पाकिटं टाकू देत नाही.